कुपवाडात केलेला समुद्र

आपल्याला समुद्राचं पाणी तयार करायचंय, असं आमच्या मालकांनी एका सोमवारी सकाळी सांगितलं, तेव्हा मला वाटलं की यांना पुन्हा कुठल्यातरी प्रदर्शनातून नवीन खूळ लागलंय. कुपवाडपासून समुद्र किती लांब आहे हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कशाला?" मला प्रश्न विचारायची खोड आहे आणि ती अजून गेलेली नाही.

मी या वर्कशॉपात तपासणीचं काम करते. तपासणी विभाग म्हणजे मी, एक टेबल, मोजमापाच्या साधनांचं एक कपाट आणि काचेची एक केबिन. वीस वर्षांच्या वर झाली. साखर कारखान्यांच्या पंपांचे दांडे, मोटारींची झाकणं, ट्रॅक्टरचे कसले कसले सुटे भाग माझ्या हाताखालून गेलेत. माझी सही झाल्याशिवाय माल गेटच्या बाहेर जात नाही, आणि जे मला कळत नाही त्यावर मी सही करत नाही. पाठीमागं पोरं मला रेल्वे गेट म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट जरा बरंच वाटतं.

तर मालकांनी समजावून सांगितलं. समुद्राकाठी एक कारखाना आहे, तो खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करतो. समुद्राचं पाणी प्रचंड दाबानं एका बारीक पडद्यावर रेटायचं, म्हणजे थोडं पाणी पडद्यातून गोडं होऊन पलीकडं जातं आणि उरलेलं आणखी खारट होऊन परत समुद्रात सोडतात. एवढं मला कळलं. घरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्रही असंच चालतं. पण समुद्राला दाब कितीतरी पट जास्त लागतो आणि तो दाब सगळा विजेवर तयार होतो. आता जे खारट पाणी परत जातं त्याच्या अंगात तो दाब तसाच शिल्लक असतो. म्हणजे वीज जाळून तयार केलेला दाब आपण तसाच समुद्रात सोडून देतो. तो वाया जाऊ द्यायचा नाही, जाणाऱ्या पाण्याकडून काढून येणाऱ्या पाण्याला द्यायचा, म्हणजे पंपाचं ओझं निम्म्याहून खाली येतं. हे काम करणारा लोखंडी भाग आपल्याला नमुना म्हणून करून द्यायचाय.

नकाशा मी पाहिला. हाताच्या दोन वितींचा पोलादी रूळ, त्याला लांबीच्या दिशेनं आरपार भोकं, आणि तो रूळ एका पोलादी नळकांड्यात गरागरा फिरणार. एका बाजूनं दाबाचं खारट पाणी भोकात शिरणार आणि भोकात आधीच भरून ठेवलेल्या नव्या पाण्याला ढकलणार.

"दोन्ही पाण्यांच्या मध्ये काय असतं?" मी विचारलं.

"काही नाही, मॅडम."

"मग ती मिसळत नाहीत?"

"मिसळतात थोडी. पण मिसळायच्या आत रूळ फिरून भोक पुढं सरकलेलं असतं."

मला पटलं नाही. दोन पाणी एकमेकांना टेकलेली, आणि एक दुसऱ्याला फक्त धक्का देऊन माघारी फिरणार! माणसांनाही हे जमत नाही. मी चाचांकडं पाहिलं.

चाचा म्हणजे आमचे टर्नर. मिरजेचे, साठीला टेकलेले. मालकांच्या वडिलांनी वर्कशॉप काढलं तेव्हापासून दाराजवळच्या जुन्या लेथवर तेच. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासून ते पोलादाचा गुळगुळीतपणा सांगत, आणि मी मागाहून मोजलं की त्यांचंच खरं निघे. सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढं मी त्यांना आधी विचारायला लागले आणि मग मोजायला लागले.

"आवं ताई, तुमचं सासर कुंडलचं न्हवं?" चाचा म्हणाले. "लाईट गेल्यावर चढावरचं पाणी पायपातनं माघारी येतंय का न्हाई? पंप उलटा फिरतोय का न्हाई?"

ते मी पाहिलेलं होतं. झडप खराब झाली की डोंगराकडं चढवलेलं सगळं पाणी उलटं धावत येतं आणि पंप विजेशिवाय उलटा भणाणत राहतो. माझे सासरे त्या आवाजानं जेवणाच्या ताटावरून उठून पळायचे.

"त्योच परकार," चाचा म्हणाले. "माघारी येतंय त्येला रिकामं सोडायचं न्हाई, कामाला लावायचं."

मला थोडं कळलं, थोडं कळल्यासारखं वाटलं. पण चाचांच्या चेहऱ्यावर मात्र पोरासारखा आनंद होता. त्याला कारणही होतं. दोन महिन्यांपूर्वी मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बसवून स्पष्ट सांगितलं होतं की कॉम्प्युटरवरची आणखी एक मशीन येणार आहे आणि तिला जागा दाराजवळचीच लागणार. जुना लेथ विकावा लागेल. चाचांना कॉम्प्युटरवरची मशीन जमणार नव्हती आणि ते शिकणारही नव्हते. आता मालक म्हणाले, "चाचा, हा रूळ हातानं घासून बसवायचं काम आहे, ते नव्या मशीनला होत नाही. नमुना पास झाला तर या कामाला वेगळी खोली काढू. तुमचा लेथ तिथं, तुम्ही तिथं. नाही झाला तर मग मी काय करू, तुम्हीच सांगा." मालक वाईट माणूस नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही, एवढंच.

कामाची एक अट होती. तेल चालणार नाही. रुळाला नाही, नळकांड्याला नाही, चाचणीच्या पाण्यात तर मुळीच नाही. रूळ फिरणार तो पाण्याच्याच पातळ थरावर, आणि तेलाचा अंश जरी गेला तरी तो बारीक पडदा चिकटून बाद होतो.

"बिगर तेलाचं लोखंड फिरवायचं?" चाचांनी तीनदा विचारलं. उभ्या जन्मात त्यांनी तेलाशिवाय लोखंडाला लोखंड लावलं नव्हतं. पण ऐकलं त्यांनी. तेलाची बुधली त्यांनी स्वतःच उचलून माझ्या कपाटात आणून ठेवली आणि कुलूप लावून किल्ली मला ठेवायला सांगितली.

तीन आठवडे ते रूळ घासत होते. रूळ आणि नळकांडं यांच्यातली फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी ठेवायची होती. नकाशात कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती हे दिलं होतं. चाचांनी अगदी कमीत कमीला नेऊन ठेवली. "फट जेवढी बारीक, तेवढं पाणी कमी गळणार, तेवढी लाईट वाचणार," हे त्यांचं गणित. गणित बरोबरच होतं. मी मोजलं, नकाशात बसत होतं, मी काही बोलले नाही.

मग चाचणीची वेळ आली आणि समुद्राचा प्रश्न आला. समुद्र तयार करणं सोपं, हजार लिटर पाण्यात पस्तीस किलो मीठ. पण हजार लिटरची टाकी कुठून आणायची? आमची टाकी लोखंडी, मिठानं आठ दिवसांत गंजली असती. मालक नवीन प्लास्टिकची मागवणार होते. तेवढ्यात मी मधे तोंड घातलं. माझं माहेर तासगावचं. दादाच्या बेदाण्याच्या शेडमध्ये पांढरी, जाड प्लास्टिकची टाकी होती. हंगामात तिच्यात द्राक्षं बुडवायचं पाणी कालवतात, आणि मग फेब्रुवारीपर्यंत ती मोकळीच पडलेली असते. मी दादाला फोन केला, तो म्हणाला ने. रविवारी मी स्वतः जाऊन, पदर खोचून, साबणाच्या पावडरनं आणि कुंच्यानं ती तीनदा घासली. सोमवारी टेंपोतून उतरवताना सगळं वर्कशॉप जमलं होतं.

"माझ्या माहेरची टाकी आहे," मी म्हणाले. "आत वाकून बघा, तोंड दिसेल. घाणेरडे हात लावून खराब करू नका."

दहाबारा माणसांसमोर म्हणाले. जरा जोरातच म्हणाले, कारण तपासणीचं काम करणारी बाई काही आणते तेव्हा ती इतरांकडून जशी अपेक्षा करते तसंच आणते, हे मला दाखवायचं होतं. टाकी भरली, मीठ टाकलं, ढवळलं, त्या कारखान्यानं चाचणीसाठी दिलेला पंप आणि पडदा जोडला. चाचांनी पाण्यात हात घातला, बाहेर काढला, बोटं एकमेकांवर घासली आणि पॅंटला पुसली. ते मी पाहिलं. चाचा सगळ्यालाच अशी बोटं घासून बघायचे. चहा गरम आहे का हेही ते कपाला बोट लावूनच बघायचे. मी दुसऱ्या कामाला लागले.

रूळ पहिल्याच फटक्यात फिरला. आवाज इतका कमी की मालकांनी कान लावून पाहिलं. विजेचं मीटर आम्ही रुळाशिवाय आधी पाहून ठेवलं होतं, आता रूळ लावून पाहिलं, तर त्या कारखान्यानं जेवढी बचत मागितली होती तिच्याहून जास्त बचत. मालकांनी सगळ्यांना भडंग आणि चहा सांगितला. चाचा आपल्या लेथच्या पायरीवर जाऊन बसले. मला फार आनंद झाला, हे मी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मला कुणाचं बरं बघवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझी झोप उडाली. तीन आकडे होते आणि तिन्ही एकमेकांशी भांडत होते.

पहिला आकडा मिठाचा. पाण्याचा खारटपणा मोजायचं छोटं यंत्र होतं. पस्तीस किलोच्या हिशोबानं जेवढा खारटपणा यायला हवा त्याहून तो जास्त येत होता, आणि रोज थोडा वाढत होता. मीठ कोणी वाढवत नव्हतं, आणि पडद्यातून निघालेलं गोडं पाणीही आम्ही परत टाकीतच सोडत होतो. दुसरा आकडा गोड्या पाण्याचा. पडद्यातून येणारं पाणी रोज थोडं कमी येत होतं. पडदा नवीन होता, महिनोन्महिने टिकायला हवा होता. आणि तिसरा आकडा विजेचा, तो मात्र झकास. पाणी जास्त खारट झालं की रेटायला जास्त वीज लागायला हवी, हे मला मालकांनीच शिकवलं होतं. मग इथं सगळं बिघडत चाललंय आणि वीज तेवढी कशी वाचतेय?

मी आधी यंत्रावर संशय घेतला. ते सांगलीला नेऊन तपासून आणलं, ते बरोबर होतं. मग माझ्या चष्म्यावर घेतला. मग मिठावर. मीठ ज्या दुकानातून आणलं होतं तिथं बाजारपेठेत जाऊन मी उभी राहिले आणि दुकानदाराला विचारलं की तुम्ही मिठात काय मिसळता.

"आवं बाई, मिठात काय मिसळायचं?" तो म्हणाला. "सगळ्यात सवस्त मीठच हाय. मीठ दुसऱ्यात मिसळत्यात."

आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. मी पोत्यातला एक खडा उचलून तोंडात टाकला. मीठच होतं. घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, त्याचा काही संबंध नव्हता. तो म्हणाला, "तुझा समुद्र तू बघ." त्याचंही बरोबर होतं.

पाणी किंचित दुधाळ दिसत होतं, तेही मी वहीत लिहिलं. खडेमीठ आहे, असायचंच, असं मी स्वतःला समजावलं. वहीत मी इतकी प्रश्नचिन्हं कधी काढली नव्हती. दुपारच्या सुटीत चाचांजवळ बसून मी डबा उघडला आणि विचारलं, "चाचा, खरं सांगा, तुम्हाला यात काही वेगळं वाटतंय का?"

चाचांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवला. "रूळ बराबर हाय, ताई. त्येची काळजी तुमी नगा करू."

"रुळाचं विचारत नाही मी. पाण्याचं विचारते."

"पाण्याचं मला काय कळतंय," ते म्हणाले आणि जेवायला लागले. चाचा एखाद्या गोष्टीचं मला काय कळतंय असं म्हणाले, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तेव्हा त्याचं आश्चर्य वाटायला हवं होतं. पण माझं डोकं आकड्यांत होतं.

रिपोर्टवर सही करायची वेळ आली तेव्हा मी दोन दिवस अडवून धरलं. मालक माझ्या केबिनमध्ये येऊन समोर बसले. "मॅडम, त्यांनी विजेचा आकडा मागितलाय. तो चांगला आलाय. दहादा चालवून आलाय. तुमचं नेमकं काय दुखतंय?"

"हे असं का होतंय ते मला कळत नाही."

"मलाही सगळं कुठं कळतं? पण परवा गाडी निघाली नाही तर हे काम कोइमतूरच्या पंपवाल्यांकडं जाईल." मग काचेतून दाराकडं बघत ते म्हणाले, "आणि ते तिकडं बसलेत त्यांना काय सांगायचं ते मग तुम्हीच सांगा."

चाचा लेथ पुसत होते. काम नव्हतं तरी पुसत होते. मी सही केली. विजेच्या आकड्याखाली केली, आणि बाकीचे दोन आकडे रिपोर्टात मागितलेलेच नव्हते म्हणून लिहिले नाहीत. मला लाज वाटत होती आणि तरीही बरं वाटत होतं. चाचांची खोली माझ्या डोळ्यांसमोर दिसत होती. खिडकी कुठं ठेवायची हेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

पाठवायच्या आधी रूळ आणि नळकांडं चाचांनी स्वतः गरम पाण्यानं आणि साबणानं धुतलं. दोनदा धुतलं, कोरड्या कापडानं पुसलं, कुणाला हात लावू दिला नाही. मला वाटलं, किती जपतात.

आठ दिवसांनी फोनवर एक व्हिडिओ आला. समुद्राकाठच्या त्या कारखान्यात आमचा रूळ बसवलेला, पाणी सोडलेलं, आणि रूळ हलत नव्हता. मग किंचाळल्यासारखा एक आवाज, अर्धा फेरा, आणि पुन्हा अडकला. रूळ परत आला तेव्हा त्याच्यावर लांबच लांब ओरखडे होते. सोबत इंग्रजीतलं पत्र होतं, फट कमी पडल्यामुळं रूळ नळकांड्याला घासला, तुमच्या चाचणीचे आकडे आम्हाला जुळवता येत नाहीत, म्हणून नमुना नामंजूर.

मला काहीच कळेना. इथं लोण्यासारखा फिरत होता! तोच रूळ, तेच नळकांडं, तसलंच खारट पाणी. मी म्हणाले पुन्हा चालवून बघू. पण ओरखडे पडलेला रूळ चालवून काय कळणार होतं? आणि टाकीही तासगावला परत गेली होती, हंगाम जवळ आला होता. मी वर्कशॉपात सगळ्यांसमोर म्हणाले की तिकडच्या लोकांनी बसवताना काहीतरी घाण केली असणार. चाचांनी मला हातानंच थांबवलं.

"फट कमीच ऱ्हायली," ते मालकांना म्हणाले. "माजीच चूक हाय. लय कमी केली मी."

मालकांनी मान खाली घातली. पुढच्या महिन्यात एक ट्रक येऊन जुना लेथ घेऊन गेला. चाचांना निरोपाचा नारळ आणि शाल दिली. सगळे बाहेर उभे होते. मी केबिनमध्येच बसून राहिले, कारण बाहेर गेले असते तर रडले असते आणि माझ्याकडं आधीच सगळे बघत होते. सही माझी होती.

फेब्रुवारीत दादाकडं बेदाण्याचं काम सुरू झालं म्हणून एका सुटीच्या दिवशी मी तासगावला गेले. शेडच्या बाहेर तीच पांढरी टाकी. दादा तिच्यात पांढरी पावडर ओतत होता, आणि मागून एका कॅनमधून पिवळसर काहीतरी. पाणी दुधासारखं झालं. मी सहज हात घातला, बाहेर काढला. हात बुळबुळीत. बोटांवरून बोटं घसरत होती.

"हे काय आहे?"

"औषध. ही पावडर आन हे डिपिंगचं तेल," दादा म्हणाला. "ह्यात बुडीवल्याबिगर द्राक्षाची साल लवकर वाळत न्हाई. लहानपणापास्नं बघतीस की गं तू."

"तेल?"

"मग काय तर."

लहानपणापासून मी त्याला सगळ्यांनी औषध म्हणतानाच ऐकलं होतं. औषधात तेल असतं हे मला माहीत नव्हतं असंही नाही. माहीत होतं, पण ते तासगावला माहीत होतं, कुपवाडला नव्हतं. मला याहून नीट सांगता येत नाही.

"दादा, ही टाकी धुतल्यावर ओशटपणा जातो का रे?"

दादा हसला. "हिचा? दर साली थर चढतोय. तळाला, तोटीच्या खाली, हात पोचत न्हाई तितं पावडर बसून दगड झालीय. धुवून जाईल व्हय?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू पाणी भराय पायजे म्हणलीस. तू त्यात समुद्र करणार, मला काय सपान पडलं हुतं?"

मी तिथंच पालथ्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. तिन्ही आकडे एका क्षणात भांडायचे थांबले. तळाची पावडर रोज विरघळत होती म्हणून खारटपणा वाढत होता. तेल पडद्याला चिकटत होतं म्हणून गोडं पाणी घटत होतं. आणि तेच तेल रुळाच्या त्या बारीक फटीत शिरून त्याला फिरवत होतं. फट इतकी कमी की पाणी गळत नव्हतं, आणि तेल असल्यामुळं रूळ अडकत नव्हता, मग वीज वाचणारच. टाकी स्वच्छ असती तर रूळ आमच्याच वर्कशॉपात, पहिल्याच दिवशी अडकला असता. चाचांनी आणखी दोन दिवस घासून फट थोडी वाढवली असती. संपलं असतं.

मी जेवले नाही. दादा मागून हाका मारत होता. तासगावहून सांगली आणि सांगलीहून मिरज, दोन एसट्या बदलून मी दुपारी चाचांच्या घरी पोचले. ते बाहेरच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसले होते. मला बघून उठले, चपला घालायला लागले, जणू मी कामावर बोलवायलाच आले होते. मग चपला परत काढल्या.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टाकी, तेल, तळाची पावडर, सगळं. माझा आवाज चढला होता, मला वाटतं मी थोडी रडतही होते. चूक माझी होती, तुमची नव्हती, फट नकाशात बसत होती आणि मी ती स्वतः मोजली होती, मी आत्ता जाऊन मालकांना सांगते, असं काहीबाही बोलत होते. चाचा ऐकत होते. त्यांना आश्चर्य वाटत नाहीये, हे मला जरा उशिरा कळलं.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्याच दिशी," ते म्हणाले. "हात घातला तवाच. पाणी बोटाला ओशट लागलं."

"पहिल्या दिवशी?"

"व्हय."

"मग रूळ धुतला तो..."

"तेलाचा डाग निघाला असता तिकडं, तर तुमच्यावर आलं असतं. तेलाच्या कपाटाची किल्ली तुमच्यापाशी." त्यांनी पेपरची घडी घातली. "मला वाटलं, तेल असू नायतर नसू, माजा रूळ फिरतोय. माज्या हातावर माजा भरोसा हुता, ताई. त्यो चुकला."

मला राग आला. खरंच आला, आणि कुणावर तेच कळेना. या माणसानं एक शब्द बोलायचा होता. एक शब्द! डबा खाताना मी समोर बसून विचारलं होतं. त्या एका शब्दावर त्यांचा लेथ होता, त्यांची खोली होती, आणि ते भाकरी मोडत बसले. "तुम्ही सांगितलं का नाही?" मी ओरडलेच. शेजारच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली.

चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेडगळ विचारतेय.

"कसं सांगायचं?" ते म्हणाले. "तुमी म्हायेरची म्हणून आणली. समद्या गड्यांच्या म्होरं सांगितलं, तोंड दिसंल म्हणून. बाईच्या म्हायेरच्या वस्तूला घाण हाय म्हणून म्होरं कसं म्हणायचं मानसानं? आमच्यात न्हाई म्हणत. तुमच्यात बी न्हाई म्हणत."

न्हाई म्हणत. ते खरं होतं. माझ्या सासूनं पंचवीस वर्षांत माझ्या माहेरून आलेल्या एकाही गोष्टीला नाव ठेवलं नव्हतं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी वाईट होत्या.

"आणि टाकी बाजारातली असती तर?" मी विचारलं.

"बाजारातली असती तर काय," चाचा म्हणाले, "त्याच मिनटाला तुमच्या केबिनीत येऊन हात दाखवला असता." मग त्यांनी मला कट्ट्यावर बसायला जागा केली आणि आत तोंड करून, तासगावच्या ताई आल्यात, चहा टाका, असं सांगितलं.